व्हर्नाचे खापरपणजोबा

व्हर्ना कुणाबद्दलही ‘वारला’ असं म्हणायची नाही. ‘शेवटचा दिसतो तो अमुक यादीत’ असं म्हणायची. स्वतःच्या सख्ख्या आजोबांबद्दलही तेच. “ते गेले कधी?” असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “गेले की नाही मला काय ठाऊक? शेतसाऱ्याच्या यादीत शेवटचे दिसतात, एवढं खरं.” मी म्हटलं, “अगं, आज असते तर एकशे चाळीस वर्षांचे असते!” “असतील,” ती म्हणाली, “पण कागद नाही.”

ती बोलायची अर्थातच इंग्रजीत, तेही इलिनॉयच्या मक्याच्या शेतांतल्या इंग्रजीत, शब्द चघळत चघळत. पण माझ्या कानात ती आता मराठीतच बोलते. एखाद्याशी मनातल्या मनात पुष्कळ वर्षं भांडलं की असं होतं. तेव्हा मी तिला मराठीतच लिहिते. तिला हे चाललं नसतं. मूळ भाषेतला उतारा कुठे आहे, असं तिने पहिलं विचारलं असतं.

आमची ओळख झाली तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरकट. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आमचे ‘हे’ जाऊन दोन वर्षं झाली होती. शॉमबर्गच्या घरातून मुलगा-सून ऑफिसला आणि नात शाळेला गेली की मी फ्रीजशी गप्पा मारायची. मुलगा नितीन म्हणाला, “आई, लायब्ररीत काहीतरी व्हॉलंटिअर कर. यू नीड टू गेट आउट.” मग मी लायब्ररीत गेले, आणि जाताना काय घेऊन गेले? आमच्या माहेरचा कुलवृत्तांत. लाल बांधणीचा, चौदा पिढ्यांचा, पोळपाटाएवढा. जुन्या घराण्यांच्या माहितीची एक वेगळी खोली तिथे आहे असं ऐकलं होतं. म्हटलं, या अमेरिकनांना दाखवावं घराणं म्हणजे काय असतं ते. यांच्या पाच पिढ्या झाल्या की समुद्र लागतो.

खोलीत सत्तरीची एक उंच, काटकुळी बाई बसलेली. पुरुषी शर्ट, मुलासारखे कापलेले केस आणि दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. एक काळी, एक लाल. कागदावर लिहिलेलं असेल ते ती काळ्या पेन्सिलीने टिपायची आणि घरची माणसं सांगतात ते लाल. मी कुलवृत्तांत तिच्यासमोर उघडला आणि पहिल्या पानावरच्या मूळ पुरुषापासून सुरुवात केली. त्या काळात मी इंग्रजी बोलताना हात फार हलवायची.

“हा माणूस एकशे दहा वर्षं जगला म्हणतेस,” व्हर्ना म्हणाली. “याचा पहिला कागद कोणता?”

“त्यांना कागद कशाला हवा? त्यांना देवीचा दृष्टान्त झाला होता.”

तिने कानावरची लाल पेन्सिल काढली आणि मान खाली घालून टिपून घेतलं. पहिल्या सहा पिढ्या लालच गेल्या. मग तिने विचारलं, “यात बायका कुठे आहेत?” मी म्हटलं, “आहेत की. प्रत्येकाची पत्नी आहे.” तिने पान उलटलं. माझ्या आजोबांच्या नावापुढे ‘दत्तक’ असा शब्द होता, तिथे ती पुन्हा थांबली. मी समजावून सांगितलं. आजोबा चांदूरचे, अमरावतीच्या घरात दत्तक गेले, कागद झाला, साखर वाटली.

“म्हणजे हा यांचा मुलगा नाही.”

“नाही कसा? दत्तक घेतला म्हणजे मुलगाच. त्याचीच मुलं, त्याचीच नातवंडं. मी त्यातलीच.”

“तुमच्याकडे बरं आहे,” व्हर्ना म्हणाली.

हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं. पुढे माझ्या हातून जे झालं त्याची सगळी सूचना त्या तीन शब्दांत होती. पण माझी मान तेव्हा ताठ होती. तशा मानेला कान नसतात.

तर मी तिची मदतनीस झाले. ती लायब्ररीच्या त्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस बसायची. शिवाय तिच्या मूळ गावाकडच्या जुन्या घराण्यांचं एक मंडळ होतं, त्याच्यासाठी कागद तपासायची. आपण पहिल्या वसाहतवाल्यांचे वंशज आहोत असं ज्याला म्हणायचं असेल त्याने पिढीमागून पिढी पुरावे द्यायचे, आणि ते पुरे आहेत की नाहीत हे व्हर्नाने ठरवायचं. गाव दोन तासांवर होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे दर बुधवारी गाडी मी चालवायची. ती शेजारी बसून शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच खायची. मी तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या की आधी विचारायची, “यात काय काय आहे?” आणि यादी ऐकून घेतल्यावरच तोंडात टाकायची. मराठी मंडळातल्या मुली मला विचारायच्या, “काकू, तुम्हाला या गोऱ्यांच्या पणज्यांचं काय हो एवढं?” मी म्हणायची, “अगं, आपल्या पणज्यांबद्दल बोललं की भांडणं होतात. यांच्या पणज्यांबद्दल बोललं की कॉफी मिळते.”

खरं सांगायचं तर मला ती आवडायची. तिची बोलणी मी वहीत लिहून ठेवायची. “थडग्यावर लिहिलेलं असतं ते नातेवाइकांचं मत.” “जनगणनावाला दारात आला तेव्हा दार कुणी उघडलं, ते आधी विचार.” हे दुसरं तर मला तात्काळ पटलं. माझी जन्मतारीख एक जून आहे, कारण आमच्या शाळेत नाव घालायला शेजारच्या काकांनी नेलं आणि मास्तरांनी वर्गातल्या अर्ध्या मुलांना एक जूनलाच जन्माला घातलं. हे मी हसत हसत व्हर्नाला सांगितलं, तर तेव्हापासून तिने मला वाढदिवसाचं कार्ड देणं बंद केलं. “तुझा वाढदिवस सिद्ध झालेला नाही,” म्हणाली. आणि त्या भागाचा जुना जाडजूड इतिहास होता, त्यात ‘आपले पूर्वज या रिकाम्या प्रदेशात आले’ असं छापलं होतं. त्या शब्दाशेजारी तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘रिकाम्या? पुरावा?’

आता तिचं स्वतःचं. एझरा मॅब्री हे तिचे खापरपणजोबा. बैलगाडीतून बायको-मुलांना घेऊन त्या माळावर आलेले पहिले. गावाबाहेर मक्याच्या शेतांमध्ये लोखंडी कुंपणातली एक छोटी दफनभूमी आहे, तिची जमीन एझराने दिलेली. त्याचे आणि त्याच्याबरोबर आलेल्या चार घराण्यांचे वंशज, आणि त्यांचे नवरे-बायका, एवढ्यांनाच तिथे जागा. व्हर्नाचा एकुलता एक मुलगा टॉमी तिथे आहे. एकोणीस वर्षांचा होता. ट्रॅक्टर उलटला. नवरा पुढे दुसऱ्या बाईबरोबर अॅरिझोनात गेला. व्हर्ना एकटी राहिली आणि मेलेल्या माणसांचे कागद गोळा करू लागली. टॉमीला पुरलं तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. मॅब्रीचा नातू, आणायचा आणि पुरायचा. त्याच्या शेजारची जागा व्हर्नासाठी रिकामी ठेवली होती. तिथे गेलो की ती टॉमीच्या दगडावरची धूळ मऊ ब्रशने झाडायची आणि शेजारच्या गवतावर उभी राहायची. मुद्दाम उभी नाही राहायची. पाय तिथेच पडायचे.

मग दफनभूमीत मोजक्याच जागा उरल्या आणि बाहेरचे लोक मागू लागले. तेव्हा नियम झाला की यापुढे जागा हवी असेल तर वंशज असल्याचे पुरावे द्यायचे. नियमाचा मसुदा कुणी लिहिला? व्हर्नाने. रक्ताचं नातं, प्रत्येक पिढीला दोन स्वतंत्र कागद. डेल नावाचा एक निवृत्त पोस्टमन आपल्या आईसाठी जागा मागायला आला. त्याच्याजवळ एका पिढीला एकच कागद होता. तो टेबलाशी बसून रडला. व्हर्ना म्हणाली, “दुसरा मिळाला की ये.” तो पुन्हा आला नाही. आईला त्याने दुसरीकडे पुरलं. घरी येताना मी गाडीत म्हटलं, “व्हर्ना, थोडं चालवून घ्यायचं होतं.” ती म्हणाली, “एकदा चालवून घेतलं की मग ते चालतच राहतं.”

आणि तिच्याच पिढ्यांमध्ये एक गाठ होती. तिचे पणजोबा नेथन. त्या काळी घरातले जन्म बायबलच्या कोऱ्या पानावर लिहीत. एझराच्या बायबलमध्ये पाच मुलांची नावं एका शाईत, जन्मतारखांसकट. सहावं नाव नेथन, खाली, वेगळ्या शाईत, तारीख नाही. एका जनगणनेत नेथनचं वय अकरा, दहा वर्षांनी पुढच्या जनगणनेत सतरा. त्या जाडजूड इतिहासात एझराची मुलं पाच. एझराच्या मृत्युपत्रात नुसतंच ‘माझी मुलं’. जुन्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं लिहीत, नाती लिहीत नसत. म्हणजे नेथन त्या घरात होता एवढं सिद्ध, मुलगा म्हणून होता हे नाही. त्या एका शब्दासाठी व्हर्ना तीस वर्षं शोधत होती. तो मिळाला तर टॉमीच्या शेजारी जागा.

तिच्याकडे एक यादी होती. तिथल्या न्यायालयाच्या तळघरातल्या सगळ्या वह्या तिने त्यात लिहिल्या होत्या आणि पाहिलेल्या वहीपुढे खूण केली होती. जमिनींच्या वह्या, लग्नांच्या, मृत्युपत्रांच्या, भटक्या गुरांच्यासुद्धा. एकाच वहीपुढे खूण नव्हती. ज्या वर्षी तिच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा एका बुधवारी मी एकटीच गेले. मनात म्हटलं, म्हातारीच्या डोळ्यांतून सुटली असेल. काय हुशार होते मी! तीस वर्षं ती बाई गुरांच्या वह्या वाचते, आणि एक वही तिच्या डोळ्यांतून सुटते, असं मला वाटलं.

ती गरीब मुलांची वही होती. आईबाप नसलेली किंवा खायला महाग झालेली मुलं त्या काळी सरकार लोकांकडे बांधून द्यायचं. मी पानं उलटत गेले आणि दिसला. नेथन. आडनाव नाही. आईबाप नाहीत. वय अंदाजे नऊ. एझरा मॅब्री यांच्याकडे, एकवीस वर्षांचा होईपर्यंत. त्याला शेतकाम शिकवावं, लिहायला-वाचायला शिकवावं, जाताना दोन जोड कपडे आणि एक बायबल द्यावं. खाली एझराची फुली, कारण इतिहासात ज्याला विद्वान म्हटलं होतं त्या गृहस्थाला सही येत नव्हती.

तळघरात मी अक्षरशः टाळी वाजवली. कारण मला समोर काय दिसलं? दत्तकपत्र. आमच्या आजोबांचा कागद मी लहानपणी पाहिला होता. त्यातही असंच होतं, याला शिकवावं, याला वाढवावं. इथे तर कपडे आणि धर्मग्रंथसुद्धा! सरकारी शिक्का! मुलगा घरात घेतला, पुढे आपलं आडनाव दिलं, बायबलमध्ये नाव लिहिलं. आणखी काय हवं? तीस वर्षं ज्यासाठी ती फिरली ते मी एका बुधवारी शोधून काढलं होतं. चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, प्रयोगशाळेत नमुन्यावरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय हात न लावणाऱ्या बाईने तो कागद फक्त अमरावतीच्या चष्म्यातून वाचला.

आणि मी व्हर्नाला फोन केला नाही. तिला सरप्राइज द्यायचं होतं. दुसऱ्या आठवड्यात मंडळाची सभा होती. तिथल्या बायका मला ‘आमची छोटी इंडियन लेडी’ म्हणायच्या आणि मला कॉफीचे कप मोजायला लावायच्या. म्हटलं, आज बघा. कागदाच्या दहा प्रती काढल्या. आणि बेसनाचे लाडू केले. आमच्याकडे मूल दत्तक घेतलं की गोड वाटतात. पावणेदोनशे वर्षं उशिरा का होईना, नेथनच्या नावाने वाटले.

व्हर्ना काळा चष्मा लावून आली होती. मंडळाचा आणि दफनभूमीचाही अध्यक्ष ग्लेन, एझराच्या पहिल्या मुलाच्या वंशातला. बियाण्यांचा व्यापार होता त्याचा, आवाज मऊ. मी उभी राहिले, हात हलवत भाषण केलं. एझराने नेथनला रीतसर घरात घेतलं, हा पाहा कागद, हा पाहा शिक्का. लोक लाडू खात खात कागद वाचू लागले. हळूहळू तोंडं हलायची थांबली. एक बाई माझ्या दंडाला हात लावून अगदी हळू म्हणाली, “हनी, हे अॅडॉप्शन नाही. हा गडी होता.”

ग्लेन म्हणाला, “म्हणजे व्हर्ना, रक्ताचं नातं...” आणि थांबला. वाक्य पुरं न करायचा सभ्यपणा त्याच्याकडे होता.

व्हर्नाने कानावरची काळी पेन्सिल काढली. “पान क्रमांक?” तिने मला विचारलं.

“एकशे बारा,” मी म्हटलं.

“शिक्का आहे?”

“आहे.”

तिने लिहून घेतलं. मग लाडू कागदी रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “पुढचा विषय घ्या.”

परतीच्या रस्त्यावर मी रडत गाडी चालवत होते आणि ती मला सांगत होती, “डावीकडच्या लेनमध्ये जा.” शेवटी मी विचारलं, “ती वही तू पाहिली नव्हतीस का?”

“नाही.”

“का?”

“तिथे माझी माणसं नसावीत असं मला वाटायचं.” थोड्या वेळाने म्हणाली, “दार उघडलं नाही तोवर घर रिकामं आहे असं म्हणता येतं.”

मी म्हटलं, “आपण हा कागद पुढे कुणाला देऊ नये. त्या दहा प्रती मी परत गोळा करते. ती वही तळघरात आहे, तिथे कोण जातंय? कोण वाचणार?”

“तू वाचलीस ना,” व्हर्ना म्हणाली.

एवढंच. पुढे पाच वर्षं ती माझ्याबरोबर हिंडली, बोलली, माझ्या पुऱ्या यादी विचारून खाल्ल्या. पण त्या वहीबद्दल या वाक्यापलीकडे एक शब्द ती मला बोलली नाही. बोलली असती तर मी माफी तरी मागितली असती. शहाण्या माणसांचा असा फार त्रास असतो. ती आपल्याला भांडू देत नाहीत.

जागेचा अर्ज तिने मागे घेतला नाही. अर्ज तपासायचं काम तिचंच, म्हणून आपल्याच अर्जावर तिनेच शेरा लिहिला, ‘मूळ वही स्वतः पाहिली. खरी आहे. वंशज असल्याचं सिद्ध होत नाही.’ दफनभूमीच्या समितीत पाच जण. अपवाद करता आला असता. मी जाऊन बोलले, मी परकी, दारात उभी राहून बोलले. म्हटलं, “तिचा मुलगा तिथे आहे हो.” ग्लेन म्हणाला, “आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं. पण नियम व्हर्नाचाच आहे.” तिघे विरुद्ध गेले. त्यातली एक त्या रडलेल्या पोस्टमनची बहीण होती. ती जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, “माझी आई पण छान होती.” आणि टॉमीला तिथून कुणी हलवणार नाही, असं ग्लेनने मोठ्या मनाने सांगितलं. वर्षाने टॉमीच्या शेजारची जागा ग्लेनच्या भावजयीला मिळाली. ती फ्लोरिडाची. मॅब्री घराण्यात लग्न करून आली होती, कागद चोख होते.

व्हर्ना शेवटी वृद्धाश्रमात होती, हृदय थकलं होतं. एका दुपारी मी तिच्या पलंगाशी बसून माझी शेवटची युक्ती तिला सांगितली. आमच्या लोकांना जाळतात, तू पण सांगून ठेव. राख मी घेईन. उन्हाळ्यात फुलं घेऊन टॉमीला भेटायला जाईन, पर्स उघडेन, गुडघे टेकेन. म्हातारी इंडियन बाई, कुंकू लावलेली, काहीतरी पुटपुटतेय. कोण अडवणार आहे? मी या वयात पुष्कळ गोष्टी पर्समधून नेल्या आहेत.

ती हसली. फार दिवसांनी हसली. मग म्हणाली, “आणि रजिस्टरमध्ये काय लिहायचं?”

“काही नाही लिहायचं. चोरून.”

“म्हणजे शंभर वर्षांनी कुणी मला शोधत आलं, तर कागदावर मी एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे.” तिने डोळे मिटले. “आयुष्यभर मी असलेच लोक निस्तरले. मला त्यांच्यातलं करू नकोस.”

मी म्हटलं, “तुला शोधत कोण येणार आहे, व्हर्ना?”

हे बोलायला नको होतं. पण बोलले. ती डोळे मिटून म्हणाली, “कुणी येणार नाही. तरी नको.”

ती मार्चमध्ये गेली. मी ‘गेली’ म्हणते, माझ्याकडे दाखला आहे. नातेवाईक नाही म्हणून माहिती देणारी म्हणून त्यावर माझंच नाव आहे. हायवेला लागून नव्या सार्वजनिक दफनभूमीत तिला पुरलं. समोर सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्यांची रांग आहे, केशरी शटरांची. टॉमीपासून अठरा मैल. सहा माणसं आली होती. ग्लेनने पांढरी फुलं आणली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

पुढच्या आठवड्यात तिथल्या साप्ताहिकात श्रद्धांजली आली. ग्लेननेच लिहिली होती, चांगली लिहिली होती. शेवटचं वाक्य होतं, ‘त्या आद्य वसाहतकार एझरा मॅब्री यांच्या वंशज होत.’

मी फोन केला. “ग्लेन, हे काय छापलंस?”

“ओह, तिला ते आवडलं असतं,” तो म्हणाला. “आता कुणाचं काय बिघडतंय त्यात?”

“काही बिघडत नाही. जमीन दिली असतीस तर हे खोटं मीसुद्धा चालवून घेतलं असतं. जमीन दिली नाहीस आणि खापरपणजोबा देतोस?”

तो म्हणाला, “यू आर अपसेट.” मी म्हटलं, “हो, आहे.” आणि ठेवला.

माझी नात इरा तेव्हा कॉलेजातून घरी आली होती. मी टेबलाशी बसून साप्ताहिकाला पत्र लिहीत होते. तिने खांद्यावरून वाचलं. “आजी, शी इज गॉन. लेट हर हॅव इट, यार.” मला दोन मिनिटं वाटलं, पोरगी बरोबर बोलते. जिवंतपणी कुणी दिलं नाही ते मेल्यावर एका ओळीत मिळतंय, तर मिळू दे की. मग मला व्हर्ना दिसली, शंभर वर्षांनी येणाऱ्या त्या कुणासाठी, जो येणार नाही, त्याच्यासाठी डोळे मिटून अडून बसलेली. मी पत्र पुरं केलं, कागदाची प्रत जोडली आणि पोस्टात टाकलं.

दुरुस्ती छापून आली, टायरच्या जाहिरातीखाली, तीन ओळींत. ‘व्हर्ना मॅब्री या एझरा मॅब्री यांच्या वंशज नव्हत्या. एझरा यांच्या शेतावर कामासाठी बांधून दिलेल्या नेथन या अनाथ मुलाच्या त्या पणती होत. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ मी ते कात्रण लायब्ररीत नेलं आणि तिच्या फाइलीत लावलं. मग उगाचच फाइल पहिल्यापासून वाचत बसले. त्या घराण्यात एकाही माणसाचे दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. व्हर्नाचे तेवढे जुळतात. तिने लिहिलेला शेरा, मृत्यूचा दाखला, साप्ताहिकातली दुरुस्ती. सगळे एकच सांगतात, ही तिथली नव्हे.